ज्योतीच्या आवाजाची अकरा कार्डं

ही घटना खरी आहे. भुताखेताच्या अनुभवांच्या या पेजवर सगळेच तसं म्हणतात, ठाऊक आहे मला. मीही वाचतो आणि मनात म्हणतो, चला, आणखी एक थापाड्या आला. पण या गोष्टीत मी स्वतः आहे, आणि माझी बाजू काही चांगली नाही. थापाच मारायच्या असत्या तर निदान स्वतःला तरी साळसूद दाखवलं असतं.

जागा सुरत, उधन्यातलं आमचं घर. दिवस रविवार, ११ फेब्रुवारी २०२४.

वेळ... सकाळचे साडेअकरा.

हो, सकाळचे. लख्ख ऊन होतं. खाली लोचोवाल्याच्या नाश्त्याच्या गाडीवर रविवारची गर्दी होती. भुताखेताचं म्हटलं की लोक रात्र विचारतात. तिला रात्रीची गरज पडली नाही.

माझं नाव मुकुंद. कतारगामला माझं लॅमिनेशनचं दुकान आहे. साड्यांच्या बॉक्सवर जो चकचकीत प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो चढवायचं काम. पोटापाण्याचा धंदा तो. वेड मात्र दुसरं होतं. मी बोलणारी पोस्टकार्डं बनवायचो.

अशी कार्डं मी काही शोधून काढली नाहीत. शंभरेक वर्षांपूर्वी परदेशात निघाली ती. साधं चित्राचं पोस्टकार्ड, वर पारदर्शक प्लास्टिकचा थर आणि त्या थरात रेकॉर्डसारख्या गोल गोल चरी. तबकडीवर ठेवा, सुई टेका, कार्ड गाऊ लागतं. पोलंडमध्ये तर गल्लीबोळातल्या छोट्या खोल्यांतून लोक एकेक कार्ड कापून विकायचे. मागे मजकूर लिहायचा, तिकीट लावायचं, टपालात टाकायचं. पुढे कॅसेट आली आणि हा कारभार आटोपला.

मला असं एक कार्ड जुन्या बाजारात रद्दीच्या गठ्ठ्यात मिळालं. घड्याळाच्या मनोऱ्याचं चित्र आणि वर चरी. घरी आणून वाजवलं तर कुणी बाप्या न कळणाऱ्या भाषेत गात होता. त्या दिवसापासून मी बिघडलो. जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर कापायची सुई बसवून दोन वर्षांत मशीन तयार केलं. प्लास्टिकचा थर चढवणं तर माझ्या हातचा मळ. सुईचं हिऱ्याचं टोक शेजारच्या छगनभाईंनी घासून दिलं. आयुष्यभर हिरे घासलेला माणूस, पण एवढं बारीक टोक घासताना त्यांनीही कपाळाला हात लावला होता.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे कार्ड छापून निघत नाही. आवाज तीन मिनिटांचा असेल तर कार्ड कापायला तीन मिनिटं लागतात. एकीकडे आवाज वाजतो, दुसरीकडे सुई तो आवाज प्लास्टिकवर कोरत जाते. दहा कार्डं हवीत, तर दहा वेळा तेच ऐकायचं. आणि कोरताना प्लास्टिकचा केसासारखा तलम धागा निघतो. तो तिथल्या तिथे ओढून घ्यावा लागतो, नाहीतर सुईत गुंततो. मी हवा ओढणारी एक नळी लावली होती. धागा नळीतून बरणीत जायचा.

लग्नाच्या पत्रिकेसोबत अशी कार्डं द्यायची सुरतेत हळूहळू टूम निघाली होती. आजोबांच्या आवाजात आमंत्रण, आजीच्या आवाजात आशीर्वाद. माझं बरं चाललं होतं.

आणि मग अमृताचं लग्न ठरलं.

अमृता माझी धाकटी बहीण. मराठी शाळेत शिक्षिका. वय छत्तीस. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचं, आणि मग स्थळं यायचीच बंद झाली. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण आमच्या आईला पाठीमागचंही ऐकू यायचं.

स्थळ होतं योगराजचं. मूळचा शिरपूरकडचा. पलसाण्याला कपडा रंगवायच्या मिलमध्ये मास्तर, म्हणजे रंगखात्याचा प्रमुख. बिजवर होता. पहिली बायको ज्योती, दीड वर्षापूर्वी दम्याने गेली. मूलबाळ नाही. माणूस बोलायला गोड, आईच्या पाया पडायचा. अमृता त्याच्याशी फोनवर बोलताना हसायची. तिला तसं हसताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

आमच्याकडे मुलगी दुसरेपणावर दिली की पहिलीचा मान ठेवावा लागतो. तिच्या नावाचा चांदीचा टाक करतात, नव्या बायकोने तो गळ्यात घालायचा. आईने टाक करवून घेतला. पण तेवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. ज्योतीच्या आईने स्वतःच्या हाताने अमृताला कुंकू लावलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. पहिलीची आई नाराज असेल तर पहिलीही नाराज राहते, असा तिचा हिशेब.

ज्योतीची आई, उषाबाई, बारडोलीला मुलाजवळ राहायच्या. मी आणि योगराज गेलो भेटायला. बाई कमी बोलणारी. चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली,

"मनी पोर सोता बोलनी व्हई, तं मी आडी येवाव नई."

म्हणजे, माझी मुलगी स्वतः तसं बोलली असेल, तर मी आड येणार नाही.

योगराज म्हणाला, ती बोललीच होती. जायच्या आधी म्हणाली होती, तुम्ही एकटे राहू नका. फोनवर कुठेतरी आवाज आहे. मुकुंददादा त्याचं कार्ड करतील, सगळ्यांसमोर ऐकवू.

शनिवारी, २० जानेवारीला तो ज्योतीचा जुना फोन घेऊन दुकानात आला. त्यात तिने पाठवलेल्या चाळीस-पन्नास व्हॉइस नोट होत्या. मी म्हटलं, यातली ती कुठली?

तो हसला. म्हणाला, "दादा, तशी एकच नाहीये. पण शब्द सगळे आहेत. तुम्ही कलाकार माणूस, जोडून द्या. अमृतासाठी."

मी नाही म्हणायला हवं होतं.

तो गेल्यावर मी बसलो ऐकत. गॅसवाल्याला पाठवलेल्या नोटेत होतं, मी ज्योती बोलते. मैत्रिणीला पडद्याच्या रंगाबद्दल म्हणाली होती, माझी काही हरकत नाही. कुणाच्या तरी सासऱ्याबद्दल होतं, त्यांनी एकटं राहू नये. आईला पाठवलेल्या नोटेत होतं, आई, तू रडू नको. हवं ते सगळं मिळत गेलं.

आणि शेवटची नोट मिळाली.

योगराजला पाठवलेली. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. तो तिचा शेवटचा दिवस होता.

आधी नुसता श्वास... आत ओढलेला, शिट्टीसारखा. मग परत तसाच. मग शब्द, एकेक करून.

"पंप... कपाटात नाहीये. तुमच्या पिशवीत... गेलाय का? दाराला... बाहेरून कडी का लावली? लवकर... या."

शेजारची माइकची खूण निळी झालेली होती. म्हणजे त्याने ती नोट ऐकली होती.

मी योगराजला फोन केला. तो एक क्षणही अडखळला नाही. म्हणाला, शेवटी तिला भ्रम व्हायचे, दादा. दार तर उघडंच होतं. स्वतःच्या फोनवरून त्याने ती नोट पुसली असावी, तिच्या फोनवर ती राहिली हे ध्यानात आलं नसावं.

भ्रमात असलेला माणूस दम्याचा पंप कपाटात नाही हे इतकं नीट सांगेल का? हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. पण हॉलचं बुकिंग झालं होतं. आई दहा वर्षांनी शेजारणींना घरी चहाला बोलवत होती. आणि अमृता हसत होती. मी फोन ठेवला आणि कामाला लागलो. माझ्यासारखा नालायक भाऊ शोधून सापडायचा नाही.

जोडताना एक अडचण आली. प्रत्येक वाक्याआधी ज्योती श्वास घ्यायची. दम्याची बाई, तिचा श्वास ऐकू यायचा. पण एका श्वासामागे पंख्याचा आवाज, दुसऱ्यामागे कुकरची शिट्टी. जोड लगेच कळत होते. कॉम्प्युटरवर श्वास शब्दांमध्ये बारीक उंचवट्यासारखा दिसतो. मी एकेक श्वास शोधला आणि कापला. चौतीस होते.

आवाज स्वच्छ झाला. मला त्याचं कौतुकही वाटलं, हे लिहायलाच हवं.

गुरुवारी, ८ फेब्रुवारीला दुपारी कार्डं कापायला बसलो. अकरा कार्डं, जवळच्या अकरा घरांसाठी. वर ज्योतीचा लग्नातला फोटो, त्यावर पारदर्शक थर. पहिली तीन छान निघाली. धागा नळीतून सळसळत बरणीत पडत होता.

चौथं लावलं. सुई टेकली. आवाज सुरू झाला.

मी ज्योती बोलते...

माझ्या कानाला हेडफोन होता. पहिल्या वाक्यानंतर रिकामी जागा होती. तिथे काही नसायला हवं होतं.

तिथे... कुणीतरी श्वास घेतला.

मी हेडफोन काढला. शेजारच्या कारखान्यात एम्ब्रॉयडरीची मशिनं धडधडत होती. म्हटलं, तिथलाच काहीतरी आवाज. परत लावला. दुसऱ्या वाक्यानंतर परत श्वास. या वेळी जवळून. हेडफोनमध्ये नाही... हेडफोन आणि कान यांच्या मध्ये.

कॉम्प्युटरवर बघितलं. रेघ सपाट होती. श्वास नव्हता.

पाचवं कार्ड. सहावं. प्रत्येक जोडावर तेच. मी मोजले नाहीत. मोजायची हिंमत झाली नाही.

सातव्या कार्डाला माझं लक्ष बरणीकडे गेलं.

बरणी रिकामी होती.

सुई कोरत होती. चरी पडताना डोळ्यांना दिसत होत्या. नळी ओढत होती. पण धागा येत नव्हता. आणि आधीच्या कार्डांचा धागाही बरणीत नव्हता. मी टेबलाखाली बघितलं, नळी उघडून फुंकली, झाडून काढलं. एक तुकडा सापडला नाही. कोरलेलं प्लास्टिक जाईल कुठे?

नळी सदोष असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि अकरा कार्डं पुरी केली. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते सांगू शकतो. कार्डं परत वाजवून बघायची असतात, हा माझा नेम. त्या दिवशी मी एकही वाजवलं नाही.

रविवारी सगळे उधन्याला जमले. आई, अमृता, योगराज आणि बारडोलीहून उषाबाई. ताटात तांदूळ, तांदळावर ज्योतीचा टाक. शेजारी माझा छोटा प्लेअर. कार्ड टाकासमोर वाजवायचं, मग उषाबाई अमृताला कुंकू लावणार, असं ठरलं होतं. अमृताने मोतिया रंगाची साडी नेसली होती.

मी कार्ड ठेवलं. सुई टेकवली.

मी ज्योती बोलते. त्यांनी एकटं राहू नये...

अगदी साफ आवाज. योगराजने डोळे पुसले. आईने टाकाला हात जोडले. माझ्या जिवात जीव आला.

उषाबाई मान तिरकी करून ऐकत होत्या. त्यांनी हळूच विचारलं. मला नाही, योगराजलाही नाही... कार्डाला विचारल्यासारखं.

"मनी पोर दम लेत लेत बोले. हाई दम काबर लेत नई?"

माझी पोर श्वास घेत घेत बोलायची. ही श्वास का घेत नाही?

आणि श्वास आला.

आत ओढलेला, शिट्टीसारखा. खोलीतल्या प्रत्येकाने ऐकला. मग दुसरा. मग तिसरा. मध्ये एकही शब्द नाही, नुसते श्वास, एकावर एक, मी कापलेले सगळे. प्लेअरचा आवाज मोठा होत चालला होता. बटणाला मी हात लावला नव्हता.

मग ती बोलली.

"पंप... कपाटात नाहीये..."

ही नोट मी कार्डावर घेतली नव्हती. आईची शपथ घेऊन सांगतो, त्यातला एक शब्दही घेतला नव्हता.

मी झटक्यात सुई उचलली.

सुई माझ्या हातात होती. तबकडी थांबली होती.

आवाज चालूच राहिला.

"दाराला... बाहेरून कडी का लावली?"

योगराज उठला. काहीतरी बोलायला गेला, बहुतेक तेच, भ्रमाचं. तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. त्याने गळा धरला. खोकला. परत खोकला. चेहरा लाल झाला, मग काळपट. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या ओठांतून काहीतरी लोंबू लागलं.

तलम. पारदर्शक. केसासारखं.

मी ओळखलं. माझ्याशिवाय तिथे ते कुणालाच ओळखता आलं नसतं.

आई किंचाळली. अमृता भिंतीला टेकली. मी... मी जागचा हललो नाही. हलल्या फक्त उषाबाई. त्या उठल्या, त्याच्यासमोर बसल्या, धाग्याचं टोक दोन बोटांत धरलं आणि ओढायला लागल्या. सावकाश. ओढलेला धागा दुसऱ्या हाताच्या बोटांवर गुंडाळत होत्या. धागा संपत नव्हता. योगराजच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दया तर मुळीच नव्हती.

शेवटी धागा सुटला. योगराज आडवा झाला.

खोलीतला श्वासही तेव्हाच थांबला.

उषाबाईंनी ते गुंडाळं पदराच्या टोकाला बांधलं, चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या.

दवाखान्यात योगराजचा जीव वाचला. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून बघितलं. आत काही अडकलेलं नव्हतं. पण त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की, पेशंट काय खात होता? आतून बारीक चरे पडलेत. गोल... एकाला लागून एक... मोजून मापून कोरल्यासारखे. असं मी कधी पाहिलं नाही, म्हणाले.

त्याचा आवाज गेला तो गेलाच. दोन वर्षं झाली.

लग्न त्याच दिवशी मोडलं. ज्योतीचा फोन माझ्या दुकानात होता, तो अमृताने मागून घेतला. दार लावून शेवटची नोट तिने स्वतः ऐकली. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून ती एकटी बारडोलीला गेली आणि उषाबाईंना घेऊन पोलिसांत गेली. केस चालू आहे. योगराजला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तो कागदावर लिहून देतो. कानावर येतं की प्रत्येक वेळी वेगळी देतो.

मी मशीन मोडून भंगारात दिलं. कार्डं तापीत सोडली. त्याने काही फरक पडला असं वाटत नाही.

कारण बारडोलीहून परत आल्यावर अमृताने मला एकच प्रश्न विचारला होता. स्वयंपाकघरात, पाठमोरी उभी राहून.

"दादा, तू ती नोट आधी ऐकली होतीस?"

मी म्हटलं, "नाही गं. मी फक्त हवे तेवढे शब्द ऐकले होते."

हे म्हणालो आणि माझ्या उजव्या कानाजवळ... कुणीतरी श्वास आत घेतला.

अमृताने परत कधी विचारलं नाही. पण आईने विचारलं, मामाने विचारलं, पोलिसांनी जबाब घेतला. दर वेळी मी तेच सांगितलं. दर वेळी तो श्वास आला, आधीपेक्षा जवळून. आत ओढलेला श्वास कधी बाहेर सोडलेला मात्र मी ऐकलेला नाही. ती आत घेतच चालली आहे.

गेल्या महिन्यापासून माझा आवाज बसलाय. औषधं झाली, वाफ झाली. परवा सकाळी बेसिनमध्ये खोकलो तेव्हा जे पडलं ते बोटभर लांब होतं. मी ते उजेडात धरून बघितलं नाही. धरायची गरज नव्हती. दोनदा अमृताच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो, खरं सांगायला. दोन्ही वेळा तिने मान वर करून बघितलं, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. जेवलीस का, म्हणालो.

म्हणून हे इथे लिहितोय. अमृता हे पेज रोज वाचते. शाळेतून आली की चहा घेत, सोफ्यावर पाय दुमडून.

अमृता, ती नोट मी २० जानेवारीला ऐकली होती. त्या रविवारच्या बावीस दिवस आधी. पूर्ण ऐकली होती, दोनदा. आणि तरीही मी तुला त्या घरात पाठवणार होतो.

आता शाळा सुटायची वेळ झाली. मी पुढच्या खोलीतच बसलोय. तू विचार, मी बोलेन. आवाज राहिला असला तर.